नकाशातली चिंच

प्रमोदिनीला सरकारी नोकरी लागली म्हणून तिच्या आईनं वर्ध्याच्या आळीत घरोघरी पेढे वाटले. पंधराच दिवसांत प्रमोदिनीला वाटायला लागलं, की आईनं जरा घाईच केली.

नोकरी ट्रेसरची होती. ओव्हरसिअरनं शिवारात मोजमापं घेऊन पेन्सिलीनं काढलेला नकाशा टेबलावर पसरायचा, त्यावर मेणचट पारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि खाली दिसणारी प्रत्येक रेघ वर काळ्या शाईनं गिरवायची. साडेदहापासून साडेपाचपर्यंत रेघाच रेघा. चुकली की ब्लेडनं हलकेच खरवडायची आणि पुन्हा गिरवायची. शाळेत चित्रकलेचं पहिलं बक्षीस मिळवलेल्या मुलीला दुसऱ्याच्या रेघा गिरवायला बसवावं, हे फक्त सरकारलाच सुचू शकतं. त्यात नेमणूक तात्पुरती. दर सहा महिन्यांनी इथल्या साहेबांनी ‘काम समाधानकारक’ असा शेरा लिहायचा, वर्ध्याच्या मोठ्या साहेबांनी त्यावर सही करायची, तेव्हा कुठे पुढचे सहा महिने. वडील नुकतेच शाळेतून निवृत्त झालेले, धाकटी बहीण अजून शिकत होती. नोकरी सोडायचा विषयच नव्हता.

ऑफिस हिंगणीच्या पुढं, जंगलाच्या अंगाला. सालईबन नावाच्या गावाशेजारी एक लहानसा तलाव बांधला जात होता, त्याच्या कालव्यांसाठी धान्याचं एक जुनं गोदाम भाड्यानं घेऊन त्यात हे पाच माणसांचं ऑफिस थाटलेलं. प्रभाकरराव डेप्युटी इंजिनियर. माणूस भला, पण शब्द तोलून मापून वापरणारा. दत्तोपंत हेडक्लार्क, ते तर जावक क्रमांकाशिवाय तोंड उघडत नसत. एक ओव्हरसिअर. आणि नत्थूजी खलाशी. खलाशी म्हटलं की समुद्र डोळ्यांपुढं येतो, पण पाटबंधाऱ्यात खलाशी म्हणजे मोजणीच्या वेळी लांब जाऊन साहेबाच्या दुर्बिणीसमोर आकड्यांची उंच पट्टी उभी धरणारा माणूस. नत्थूजी एकतीस वर्षं ती पट्टी धरत होता आणि निवृत्त व्हायला त्याला वर्षही उरलं नव्हतं.

तीन वाजता चहा यायचा. पाचही जण आपापल्या भिंतीकडे तोंड करून तो प्यायचे. कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं, बोलायला काही नव्हतं एवढंच. प्रमोदिनी रोज संध्याकाळी वर्ध्याच्या एस.टी.त बसली की दिवसभरात आपण किती शब्द बोललो ते आठवून बघायची. एकदा ते अकरा भरले.

शहात्तर सालच्या जानेवारीत एका दुपारी नत्थूजी माठ भरायला आला आणि तिच्या टेबलापाशी थबकला.

“बाई, हे काय व्हय?”

“तुमचंच शिवार आहे, नत्थूजी. सालईबन.”

नत्थूजीनं मान आधी इकडून तिरपी केली, मग तिकडून. “नाई,” तो म्हणाला.

“नाही कसं? हा बघा नाला. हा गाडीरस्ता.”

“नाला व्हय त मंग करंजीचं झाड कुठी हाये? अन्नपूर्णाबाईची इहीर कुठी हाये? आमचं शिवार असं बोडखं नाई, बाई.”

प्रमोदिनीला हसू आलं. पण नंतर तिनं खात्याचं चिन्हांचं पुस्तक उघडून पाहिलं. झाड, विहीर, देऊळ, झोपडी, पायवाट, सगळ्यांना चिन्हं होती. वापरायची मनाई नव्हती, फक्त वापरायचा कंटाळा होता. तिनं ओव्हरसिअरला विचारलं. तो म्हणाला, “घाला की. नाहीतरी तो कोपरा रिकामाच दिसतो.” मग नत्थूजी नाल्यापासूनची पावलं सांगत गेला आणि प्रमोदिनी ती मापात बसवत गेली. एकतीस वर्षं मोजणीच्या साखळीमागून चाललेल्या माणसाचं पाऊल, ते अर्ध्या फुटानंही चुकत नसे. त्या दिवशी करंजी लागली, विहीर लागली, आणि नोकरीत पहिल्यांदाच साडेपाच कधी वाजले ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दत्तोपंत शाईची बाटली द्यायच्या निमित्तानं टेबलापाशी आले. बराच वेळ नकाशा पाहून म्हणाले, “ह्या वळणावर एक बाभूळ आहे. तिनं माझ्या सायकलच्या तीन ट्यूबा खाल्ल्या आहेत. ती दाखवा.”

“कशाला, पंत?”

“सरकारी कागदावर नोंद असावी,” दत्तोपंत गंभीरपणे म्हणाले आणि ओव्हरसिअर इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या गोदामात कुणी मोठ्यानं हसल्याचं प्रमोदिनी पहिल्यांदा ऐकत होती.

मग ती रीतच पडली. तीनचा चहा भिंतीकडे तोंड करून प्यायचा सोडून सगळे तिच्या टेबलाभोवती उभे राहून प्यायला लागले. ओव्हरसिअरनं गुराख्याची झोपडी आणली. प्रभाकररावांनी आठवडाभर नुसतं पाहिलं आणि मग हळूच सांगितलं, की टेकडीच्या पायथ्याला एक झरा आहे, मोजणीच्या वेळी त्याचं पाणी मी प्यालो होतो. प्रमोदिनीनं नियम केला होता: ज्यानं सांगायचं त्यानं ती गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असली पाहिजे. ऐकीव काही घ्यायचं नाही. हा नियम सगळ्यांना फार आवडला. येता-जाता रस्त्यानं डोळे उघडे ठेवून चालायला लागले लोक. दत्तोपंतांच्या बायकोला तर नवऱ्याला काय झालंय तेच कळेना, हा माणूस घरी येऊन झाडांबद्दल बोलत होता.

प्रमोदिनीला एस.टी.त शब्द मोजायची आठवणही राहिली नाही. रेघा त्याच होत्या, ब्लेड तेच होतं, पगारही तोच होता. पण सकाळी बस सेलूच्या पुढं आली की तिला ऑफिस कधी येतं असं व्हायचं. हे असं होऊ शकतं हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं.

फेब्रुवारीत एक दिवस सगळे पांगल्यावर नत्थूजी एकटाच टेबलापाशी राहिला. मग त्यानं नकाशावर एका जागी बोट ठेवलं.

“बाई, इथं धुऱ्यावर चिच हाये. मोठी.”

“चिंच? बांधावर, एवढी मोठी असून इतके दिवस कशी नाही सांगितली?”

“राहून गेलतं.”

“तुम्ही स्वतः पाहिलीय ना?”

“पाह्यली म्हंजे? तिच्याच खाली वाढलो मी.”

प्रमोदिनीनं पावलं विचारली. नत्थूजीनं ती एका दमात सांगितली. तिनं अगदी बारीक निब घेऊन चिंचेचा चांगला भरदार घेर काढला, आणि नत्थूजी तो वाळेपर्यंत तिथून हलला नाही.

आता झालं ते असं. त्याच नकाशावर प्रभाकररावांनी तलावाच्या पाण्याची एक चारी आखली, शेताशेतात पाणी नेणारी. चारी सरळ जायची तर ती नेमकी चिंचेवरून जात होती. प्रभाकरराव थांबले. एवढं जुनं झाड एका चारीसाठी पाडायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी पेन्सिल उचलली आणि झाडाला छानसा वळसा दिला. जागेवर जाऊन बघायला हवं होतं, पण तेव्हा मोठ्या कालव्याचं काम ऐन भरात होतं, आणि नकाशावर त्यांचा पूर्ण विश्वास बसलेला. ओव्हरसिअरनं साहेबांच्या नकाशाप्रमाणे चुना टाकून दिला, मजुरांनी चुन्याप्रमाणे चारी खोदली. मोकळ्या, सपाट जमिनीवर सरळ येता येता चारीनं एकदम अर्धा गोल मारला आणि पुन्हा सरळ चालायला लागली. खोदणाऱ्यांना वाटलं, साहेबांचा काही हिशेब असेल. ओव्हरसिअरला वाटलं, झाड नंतर लावणार असतील. सरकारी कामात प्रश्न विचारून कुणाचं भलं झालंय? गावात मात्र लगेच बातमी पसरली, की सरकारनं जागा राखली म्हणजे खाली धन आहे. कुणीतरी गुपचूप येऊन वळशाच्या मधोमध कमरेइतका खड्डासुद्धा खणून गेलं.

नत्थूजी मात्र चारी खोदली त्या दिवसापासून चहाला टेबलापाशी येईना. कुणी हाक मारली तर म्हणायचा, पोट बरं नाई.

मेअखेरीस वर्ध्याचे मोठे साहेब पाहणीला आले. जीपमधून उतरले, चारीच्या काठानं चालत वळशापाशी पोचले.

“हे काय आहे?”

“झाड वाचवलंय, साहेब,” प्रभाकरराव जरा अभिमानानं म्हणाले. “चिंचेचं.”

मोठ्या साहेबांनी पुढं पाहिलं, मागं पाहिलं. प्रभाकररावांनीही पाहिलं. खड्डा होता, ढेकळं होती, लांबवर एक गाय होती.

“कुठाय?” मोठे साहेब म्हणाले.

आठ दिवसांत लेखी खुलासा मागवून ते निघून गेले. जो कोणी जबाबदार असेल त्याच्यावर कारवाई होईल, हेही जाताना सांगून गेले.

त्या दुपारी चहा पुन्हा भिंतीकडे तोंड करून झाला. प्रभाकरराव म्हणाले, नकाशावर सही माझी आहे, मी बघतो. प्रमोदिनीला ते ऐकवेना. झाड तिनं काढलं होतं. नेमणुकीचे सहा महिने पुढच्याच महिन्यात संपत होते आणि पुढची सही ह्याच मोठ्या साहेबांची. ती सही हुकली की आईचे पेढे, बहिणीचं शिक्षण, सगळं अधांतरी. आणि खरं सांगायचं तर तिला त्याहूनही जास्त टोचत होतं ते हे, की आता ह्या ऑफिसात पुन्हा कुणी कधी हसणार नव्हतं.

दत्तोपंतांनी खुर्ची पुढं ओढली. तीस वर्षांची कारकुनी त्यांच्या बोटांत होती. “घाबरू नका. वाक्य तयार आहे,” ते म्हणाले आणि लिहीत लिहीत वाचू लागले, “‘सदर चिंचेचे झाड वैशाखातील वादळात उन्मळून पडले असून ग्रामस्थांनी त्याचे लाकूड नेले.’ खड्डा आहेच. मुळाचा खड्डा म्हणून दाखवू. साहेब सुटले, बाई सुटल्या, विषय संपला.”

वाक्य खरोखरच बिनतोड होतं. प्रमोदिनीला वाटलं, हो म्हणावं. एक शब्द म्हणायचा की सगळं वाचतंय.

“वादळानं नाई पडली,” दारातून आवाज आला. नत्थूजी उंबऱ्याशी उकिडवा बसला होता. “मी तोडली.”

दत्तोपंतांनी लेखणी खाली ठेवली.

“कधी?” प्रभाकररावांनी विचारलं.

“अकरा वर्सं झाली, साहेब. माह्या पोरीच्या, जयवंताच्या लग्नात. सैपाकाले जळतन पाह्यजे व्हतं, अन् आमच्या वाट्याले तेवढं एकच झाड व्हतं.” तो जमिनीकडे बघत बोलत होता. “तिचा झुला व्हता त्या चिचेले. लगन झाल्यावर पयल्यांदा माहेरी आली, घरात पाय ठेवाच्या आंधी धुऱ्याकडं गेली. उभी राह्यली. काई बोलली नाई, साहेब. बोलली असती त बरं झालं असतं.”

“मग माहीत असून मला कसं सांगितलंत, नत्थूजी?” प्रमोदिनीचा आवाज चढला. तिला राग आला होता आणि डोळेही भरून आले होते.

“तुमी सगळ्याईचं मांडून राह्यलता. मले वाटलं, माह्यी चिच कागदावर त उभी राहीन. जमिनीवर मीच ठेवली नाई.” त्यानं टॉवेलानं तोंड पुसलं. “कागदावरच्या झाडाले सरकार वळसा घालते, हे मले का मालूम, बाई? एकतीस वर्सं पट्टी धरली, कागद काय करते ते मले कोनं सांगतलं? चारी खोदली त्या दिवशी मले समजलं, पन तोंड उघडाचा धीर नाई झाला. आता माह्यं नाव लिहजा.”

“तुमची पेन्शन आहे, नत्थूजी,” दत्तोपंत म्हणाले. एरवी कोरडा असणारा त्यांचा आवाज जरा ओला झाला होता.

“लिहजा,” नत्थूजी म्हणाला.

प्रमोदिनीनं दत्तोपंतांपुढचा कागद उचलला आणि त्याचे दोन तुकडे केले. मग स्वतः नवा कागद घेऊन लिहिलं: “सदर जागी चिंचेचे झाड होते. ते सन १९६५ मध्ये तोडण्यात आले. ते उभे आहे की नाही याची खात्री न करता मी ते नकाशात दाखवले.” खाली सही केली. कुणी तोडलं ते लिहिलं नाही. प्रभाकररावांनी कागद ओढून घेतला आणि खाली लिहिलं, “आणि जागा न पाहता मी वळसा दिला.” ओव्हरसिअर डोकं खाजवत पुढं आला, त्यानं लिहिलं, “व मी न विचारता खोदून घेतले.” दत्तोपंतांनी जावक क्रमांक टाकला, थोडा विचार केला, आणि नोकरीत पहिल्यांदाच क्रमांकाखाली स्वतःहून एक ओळ घातली, “वादळाची कल्पना माझी होती. ती वापरलेली नाही.”

पाकीट बंद करायच्या वेळी दिसलं, की सगळ्यांच्या सह्यांखाली निळ्या शाईचा एक भलाथोरला अंगठा उमटलेला आहे. तो कधी उमटला कुणी पाहिलं नाही. काढून टाकावा असंही कुणी म्हणालं नाही.

ते दिवस फार वाईट गेले. बावीस दिवसांनी उत्तर आलं. दत्तोपंतांनी ते आधी मनात वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं, मग मोठ्यानं वाचलं.

“‘असा खुलासा माझ्या सेवेत प्रथमच वाचला. सर्वांना समज देण्यात येत आहे. नकाशा व जागा यांत फरक असता कामा नये. एकतर नकाशातील झाड काढावे किंवा जागेवर लावावे. काय केले ते दोन महिन्यांत कळवावे.’” त्याच लखोट्यात प्रमोदिनीच्या पुढच्या सहा महिन्यांचा हुकूम होता.

ब्लेड प्रमोदिनीच्या हाताशीच होतं. ते तिनं उचललंसुद्धा नाही.

पोळ्याच्या आदल्या शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर सगळं ऑफिस वळशावर गेलं. नत्थूजीनं जंगलाच्या कडेचं एक गुडघाभर चिंचेचं रोप मुळाच्या मातीसकट आणलं होतं. जयवंता सासरहून सणाला आली होती, तीही लेकीला कडेवर घेऊन बापाबरोबर आली. खड्डा धनाच्या शोधात गावानं आयताच खणून ठेवलेला. दत्तोपंतांनी धोतर खोचून माती लोटली आणि त्यांना ते चांगलं जमलं. चारीला पाणी अजून सुटलं नव्हतं, म्हणून ओव्हरसिअरनं अन्नपूर्णाबाईच्या विहिरीवरून घागर भरून आणली. रोप लावून झाल्यावर ओव्हरसिअरनं मोजणीची दुर्बीण तिपाईवर बसवली आणि नत्थूजी सवयीनं पट्टी उचलायला गेला, कारण रोपाची जागा आणि उंची वहीत नोंदायची होती. प्रभाकररावांनी ती त्याच्या हातातून घेतली.

“आज मी धरतो,” ते म्हणाले, आणि रोपाशेजारी पट्टी घेऊन ताठ उभे राहिले.

“मंग दुर्बिणीतून पाहीन कोन?” नत्थूजीनं विचारलं.

“ज्यानं झाड सांगितलं तो,” प्रमोदिनी म्हणाली.

एकतीस वर्षं नत्थूजी त्या दुर्बिणीसमोर उभा राहिला होता. तिच्या मागं तो कधी गेला नव्हता. कुणी त्याला बोलावलंच नव्हतं. त्यानं हात धोतराला पुसले, एक डोळा मिटला आणि दुसरा लावला. जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, हे त्याला माहीत नसणारच. तो दचकून मागं झाला.

“बाई! साहेब खाली डोकं वर पाय करून राह्यले!”

प्रभाकररावांच्या हातातली पट्टी हसून हसून हलायला लागली. जयवंता पदरानं तोंड झाकून हसत होती, दत्तोपंत मातीच्या हातानं चष्मा धरत होते. नत्थूजीनं पुन्हा डोळा लावला. आता मात्र तो बराच वेळ तसाच राहिला. दुर्बिणीच्या गोलात पट्टी होती, तिच्याशेजारी रोप होतं, आणि रोपाला हात लावून बसलेली त्याची जयवंता.

“काय दिसतं, नत्थूजी?” प्रमोदिनीनं विचारलं.

“लहान हाये, बाई,” तो म्हणाला. डोळा त्यानं काढला नाही. “पन हाये.”

प्रमोदिनीनं मोजणीची वही उघडली. दर पानाच्या डोक्यावर ‘पाहणाऱ्याचे नाव’ म्हणून एक रकाना असतो. त्यात आजवर साहेबांचं किंवा ओव्हरसिअरचंच नाव पडत आलेलं.

“पूर्ण नाव सांगा, नत्थूजी.”

“काऊन?”

“लिहायचंय.”

तो सरळ झाला, टोपी नीट केली आणि हजेरीला उभं असल्यासारखा म्हणाला, “नत्थू कवडू भोयर.” तिनं ते सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं आणि वाळेपर्यंत वही उघडीच धरली.